बारा थाऊची फट

या वेळच्या पत्रांचा गठ्ठा वाचताना एक गंमत लक्षात आली. प्रश्न कुठलाही असो, शेवट ठरलेला: "मग इंजिन उघडू का?" जुनी गाडी दारात उभी असली की पाना हातात घेतल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला कळतं. मीही त्यातलीच. पण टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढल्यामुळे एक खोड जडली आहे. तिथे मोजमाप न घेता कुणी मशीनला हात लावला, तर आमचे फोरमन चकार शब्द न काढता त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे. आज मीही थोडंफार तेच करणार आहे. रागावू नका.

(नव्या वाचकांसाठी: 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ४० थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर.)

प्रश्न: माझ्याकडे १९५९ची मॉरिस मायनर १००० आहे, ९४८ सीसीची. दोन महिन्यांपासून उभ्या उभ्या मिसिंग करते, चढाला ओढत नाही. मेकॅनिकनं नुसतं ऐकून सांगितलं, "रिंगा गेल्या, इंजिन बांधावं लागेल." तुमचं वाचून गेज आणला आणि कॉम्प्रेशन घेतलं. एक ते चार असे आकडे आले: १५०, ८५, ८०, १४८ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड). प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घेतलं, फरक नाही. पाणी कमी होत नाही, ऑइलही स्वच्छ आहे. पिस्टन मी घरी काढू शकेन का?

उत्तर: पिस्टन आहेत तिथे सुखानं राहू द्या. तुम्ही सगळं मोजलंत आणि मग स्वतःच्याच आकड्यांकडे पाठ फिरवलीत!

रिंगा झिजल्या असत्या, तर सोडलेल्या ऑइलनं पिस्टनभोवतीची फट थोडा वेळ बुजली असती आणि आकडा चढला असता. तो हलला नाही, म्हणजे हवा वरून जाते आहे: व्हॉल्व्हमधून किंवा हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटमधून. आता जोडी बघा. एक आणि चार ठणठणीत, दोन आणि तीन पडलेले, आणि पडलेलेही जवळजवळ सारखेच. शेजारच्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह एकाच महिन्यात, एकाच मापानं खराब व्हायचे म्हणजे योगायोगच. त्यापेक्षा दोघांमधली गॅस्केटची अरुंद पट्टी जळाली असेल आणि एकाची हवा दुसऱ्यात जात असेल, हे मला जास्त पटतं. या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरांचा एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर पडतो, त्यामुळे ती जागा तशीही तापलेलीच असते. भगदाड पाण्याच्या वाटेला लागलेलं नाही, म्हणून पाणी कमी होत नाही आणि ऑइलही दुधाळ दिसत नाही. मेकॅनिक फसला तो बहुधा इथेच. गॅस्केट गेलं की पाणी जातं, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हेड सोडायच्या आधी आणखी एक खात्री करून घ्या, खर्च शून्य. जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट फोडून काढा आणि उरलेल्या लोखंडी कवचात रबरी नळी घट्ट बसवा. हे कवच दोन नंबरच्या भोकात पिळा. दोन नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील. गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि नळीतून पायपंपानं हवा भरा. तीन नंबरच्या भोकावर तळहात धरा. वारा हाताला लागला की शंका उरली नाही. कार्ब्युरेटरमधून फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट.

आता हेड. हे काम घरी होतं, एका शनिवार-रविवारात होतं. गाडी आदल्या रात्रीपासून थंड हवी. बॅटरीची वायर काढा, पाणी सोडा. हेडला नऊ मोठे नट आहेत. त्यांतले चार रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) ठाण्यांतून जातात, म्हणून ठाण्यांचे चार छोटे नटही त्याच वेळी सैल करायचे. मॅन्युअलमधला क्रम धरा आणि एका वेळी पाव फेराच द्या. एक नट पूर्ण सोडून मग दुसऱ्याकडे जाण्यानं हेड वाकतं.

पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणाऱ्या काड्या, काढताना वर ओढायच्या आधी प्रत्येक जरा गोल फिरवून हलवा. ती ज्यावर टेकते तो खालचा फॉलोअर ऑइलला चिकटून तिच्याबरोबर वर येतो आणि मध्येच सुटून आडवा पडतो. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडा, आकडे घाला आणि ज्या भोकातून जी निघाली ती तिथेच खोचा. वर्षानुवर्षं त्या एकमेकींसोबत घासून बसलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. आणि नट-वॉशर काढताना पुशरॉडच्या भोकांवर फडकं घाला. मी पहिल्यांदा हेड उतरवलं तेव्हा घातलं नव्हतं. एक वॉशर तीन नंबरच्या भोकाच्या काठावर क्षणभर उभा राहिला, माझ्याकडे बघितल्यासारखा, आणि टुणकन आत गेला. मॅनिफोल्ड उतरवून त्यामागचं बाजूचं झाकण उघडलं, चुंबक तारेला बांधून आत घातलं, तेव्हा दीड तासानं हाताला लागला. तो वॉशर अजून माझ्या चाव्यांच्या जुडग्यात आहे.

हेड चिकटून बसलं असेल, तर फटीत पेचकस घालून उचकटू नका. तिथे पडलेला चरा पुढच्या गॅस्केटचा काळ ठरतो. नट काढलेले, प्लग परत लावलेले, आणि पुढून हँडल मारा. तुमचे एक आणि चार अजून शाबूत आहेत, त्यांचंच कॉम्प्रेशन हेडला खालून ढकलून सोडवेल.

गॅस्केट निघालं की ते फेकायच्या आधी उजेडात धरा. दोन आणि तीनच्या मधला भाग काळा पडून खाल्लेला दिसेल. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं खरवडून धूळ उडवू नका. ओलं करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीनं काढा. मग स्टीलची सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली दोन थाऊचं फीलर (फट मोजायची पातळ पत्ती) सरकवून बघा. सहज शिरलं तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्या. ब्लॉकवरही तसंच बघा, विशेषतः दोन-तीनच्या मधल्या पुलावर.

हेड हातात आलंच आहे तर व्हॉल्व्हही घासून घ्या. चोखणीची काठी दोन्ही तळहातांत धरून रवी फिरवल्यासारखी पुढे-मागे, मधूनमधून उचलून थोडी वळवायची. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, सलग, करडी, मंद रेघ दिसली की थांबायचं. चकाकी आणायची नसते. पेस्टचा कण न् कण धुऊन टाका, मग व्हॉल्व्ह बसवून हेड उलटं करा आणि खळग्यांत रॉकेल भरा. पंधरा मिनिटांत पोर्टमधून थेंब ठिबकला नाही, तर जमलं.

नव्या गॅस्केटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते, ती बघूनच लावा. नट मधून बाहेर अशा क्रमानं, तीन टप्प्यांत: आधी १५, मग ३०, शेवटी ४० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४ न्यूटन-मीटर. एकदा गाडी गरम करून पूर्ण थंड होऊ द्या, पुन्हा ४०वर ओढा आणि त्यानंतरच टॅपेट लावा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट मापात आणा. हेड ओढलं की फट बदलते. लोक आधी टॅपेट लावतात, मग हेड ओढतात आणि महिन्यानं मला पत्र लिहितात.

आता खरा प्रश्न, जो तुम्ही विचारलाच नाहीत: गॅस्केट मुळात का जळालं? ब्लॉकला मागच्या टोकाशी पाणी सोडायचा छोटा नळ आहे. तो उघडून बघा. माझ्या गाडीचा उघडला तेव्हा थेंबसुद्धा आला नाही. तार घालून टोचत राहिले, तेव्हा आधी तपकिरी चिखल, मग गंजाचे पापुद्रे आणि शेवटी एकदम धार. पाणी रेडिएटरमध्ये भरलेलं होतं, पण मागच्या सिलिंडरांभोवती ते फिरतच नव्हतं. तुमच्याकडेही तेच असेल तर नवं गॅस्केट दोन वर्षंसुद्धा काढणार नाही.

प्रश्न: १९६८ची मिनी, ९९८ सीसी. दर दोन हजार किलोमीटरला टॅपेट तपासते. झीज झाली तर फट वाढायला हवी ना? माझी कमी होते! बाराची आठ होते, आणि तीही फक्त १, ४, ५ आणि ८ नंबरला. माझं काही चुकतंय का?

उत्तर: तुमचं काहीच चुकत नाही. उलट असं वहीत टिपून ठेवणारी वाचक मिळाली म्हणून मी खूश आहे.

१, ४, ५, ८ हे तुमच्या इंजिनाचे चार एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या सीटा हेडच्या लोखंडात खचत चालल्या आहेत. व्हॉल्व्ह जितका आत रुततो तितकी त्याची दांडी वर येते आणि रॉकरशी असलेली फट मिटते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालत. थॉमस मिजली यांनी १९२१मध्ये जनरल मोटर्समध्ये ते शोधलं, ते इंजिनाची ठोठो थांबवायला. पण त्याचा एक न मागितलेला फायदा असा, की शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखा बसे. शिसं विषारी, म्हणून जगभरातून ते गेलं. शेवटी २०२१मध्ये अल्जीरियानंही ते थांबवलं. गेलं ते बरंच झालं. पण गादी गेल्यावर तापलेला व्हॉल्व्ह प्रत्येक आपटीला सीटला क्षणभर डसतो आणि उचलताना लोखंडाचा कण घेऊन जातो.

लगेच हेड उतरवायची गरज नाही. खचण्याचा वेग तुम्ही गाडी किती दामटता यावर आहे. लांब पल्ल्याला सतत वरच्या वेगात धावणारी गाडी भराभर खचते, रमतगमत जाणारी वर्षानुवर्षं टिकते. दोन हजारांत चार थाऊ म्हणजे मात्र वेग कमी नाही. तपासणी एक हजारावर आणा. कारण फट शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता सीटमधून बाहेर पडत नाही आणि कडेचा तुकडा जळून जातो. ढिला टॅपेट आरडाओरडा करतो, घट्ट टॅपेट गुपचूप जाळतो. पुढे कधी हेड उतरेल, तेव्हा मशीनशॉपमध्ये एक्झॉस्टला कडक पोलादाच्या सीटा बसवून घ्या, म्हणजे विषय संपला.

नवाचा हिशोब तुम्हाला माहीत असेलच, तरी इतरांसाठी: आठ नंबर पूर्ण दाबलेला असताना एक नंबर लावा, सहा दाबलेला असताना तीन. बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवले की इंजिन हातानं अलगद फिरतं.

प्रश्न: वडिलांची १९६२ची फियाट ११०० नऊ वर्षं शेडमध्ये उभी होती. नवी बॅटरी लावून सेल्फ मारला, नुसता 'टक' आवाज. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीनं ओढावी का?

उत्तर: नाही! आणि सेल्फलाही आता हात लावू नका.

आधी खरंच इंजिनच जाम आहे का ते बघा. सेल्फचं पिनिअन फ्लायव्हीलमध्ये अडकलं असेल तरी असाच टक येतो. सेल्फचे बोल्ट सैल करून बघा. पंख्याचा पट्टा काढा, कारण पाण्याचा पंप गंजून धरलेला असू शकतो. हे करूनही क्रँकचा नट हलत नसेल, तर बहुतेक रिंगा सिलिंडरला गंजानं चिकटल्या आहेत.

प्लग काढा. प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन सारख्या मापानं मिसळून तीन-चार चमचे सोडा. हे मिश्रण पेट घेतं, म्हणून शेडची दारं उघडी, आणि विडी-सिगारेट ओढणारा मदतनीस नको. मग सोडून द्या. आठवडाभर. रोज जाऊन ढोसू नका. रोज थोडं सोडा, एवढंच.

दरम्यान रॉकरचं झाकण उघडून एकेक व्हॉल्व्हची स्प्रिंग हातोडीच्या लाकडी दांड्यानं दाबून बघा. दाबली जाऊन परत वर आली पाहिजे. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये धरलेला असेल आणि तुम्ही क्रँक फिरवलात, तर पुशरॉड वाकते.

आठवड्यानंतर क्रँकच्या नटावर फूटभर दांड्याचा पाना लावून दोन्ही दिशांना हळूहळू दाब द्या. फिरवायचं नाही, फक्त डोलवायचं. एका दिशेनं केसभर सरकलं की लगेच उलट. माझ्या एका मैत्रिणीच्या गाडीवर मी पान्याला तीन फुटांचा पाइप लावला होता. 'कट्' झालं, इंजिन सुटलं आणि आम्ही दोघी टाळ्या वाजवत नाचलो. चालू केल्यावर एका सिलिंडरमधून निळा धूर. उघडलं तर पिस्टनची रिंग बसते ती कडच तुटलेली. आणखी पाच दिवस थांबले असते तर तो पिस्टन वाचला असता. मैत्री वाचली, हे तिचं मोठेपण.

सुटल्यावर भोकांवर फडकं टाकून हातानं फिरवा, आतलं मिश्रण पिचकारीसारखं उडतं. ते खालच्या ऑइलच्या चेंबरमध्येही उतरलेलं असतं, म्हणून ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग न लावता, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत सेल्फवर फिरवा. टाकीतलं पेट्रोल वास घेऊनच समजेल, वार्निशसारखा आला तर सगळं काढा. रबरी नळ्याही बदला. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते आतून भुसभुशीत करतं. नळीवर 'आर ९' छापलेलं बघून घ्या.

प्रश्न: गाडी थंड असताना घड्याळासारखी चालते. अर्ध्या तासानं झटके देते आणि बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. कॉइल बदलली, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल पंपही नवा टाकला.

उत्तर: कंडेन्सर.

एवढं छातीठोक सांगते, कारण अगदी याच क्रमानं मीही पैसे घालवले आहेत. चौथ्यांदा गाडी उतारावर बंद पडली तेव्हा कंटाळून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारी-तोडणारी टोकं) हातानं उघडून बघितले. पिवळी, जाड ठिणगी पॉइंटवरच उडत होती. ती तिथे उडायलाच नको. पॉइंट उघडताना कॉइलचा प्रवाह उडी मारायला बघतो. कंडेन्सर, अवघा ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा, तो झटका स्वतःत घेतो. त्यामुळे कॉइलमधलं चुंबकत्व एका क्षणात कोसळतं आणि प्लगला जोरदार निळी ठिणगी मिळते. आतला जोड तापून सुटला की हे थांबतं, गार झाला की परत जुळतो.

खात्री करायला चांगला कंडेन्सर आणि दोन चिमटे गाडीत ठेवा. बंद पडली की त्याची वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि त्याचं अंग इंजिनच्या लोखंडाला लावा. चालू झाली तर सापडलं. पण नवा म्हणजे चांगला असं समजू नका. नव्या डबीतला कंडेन्सर महिन्यात गेलेला मी दोनदा पाहिला आहे. जुना चालणारा कंडेन्सर मी सोन्यासारखा जपते.

प्रश्न: थर्मोस्टॅटच्या झाकणाचा एक स्टड हेडच्या पातळीला तुटला. दुकानात उलट्या आट्याचा एक्स्ट्रॅक्टर मिळतो, तो वापरू?

उत्तर: तो डबीतच शोभून दिसतो. जो स्टड पान्यानं पिळून तुटला, तो त्याहून बारीक एक्स्ट्रॅक्टरनं निघेल ही आशा वेडी आहे. आणि एक्स्ट्रॅक्टर आत तुटला तर तो इतका कडक असतो, की ड्रिलही त्याच्यावर घसरतं.

तुमचा स्टड गंजानं धरला आहे, बळानं नाही. छोट्या टॉर्चनं भोवतालचं लोखंड तापवा (पेट्रोलची नळी दूर, अग्निशामक हाताशी), मग स्टडच्या कडेला साधी मेणबत्ती टेका. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, डोळ्यांना दिसतं. हे तीन-चार वेळा करा. मग बरोबर मध्यावर पंच मारा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाकडं. डाव्या फिरकीचं ड्रिल मिळवा आणि मशीन उलटं फिरवत बारीक भोक पाडा. पुष्कळदा भोक पाडता पाडताच स्टड स्वतः फिरून वर येतो. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मशीन थांबवून नुसती बघत बसले होते.

थोडा जरी वर शिल्लक असता, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यायला सांगितलं असतं. तो सगळ्यांत सोपा मार्ग. पुढच्या वेळी झाकण निघत नसेल तर नट सुटल्यावर थांबा. ॲल्युमिनियमचं झाकण स्टडभोवती पांढऱ्या क्षारानं धरतं, त्याला लाकडी ठोकळ्यानं आजूबाजूनं टकटक करत सोडवायचं असतं.

प्रश्न: माझ्या जुन्या मॉरिसच्या नटांवर ना मिमीचे पाने बसतात ना इंचाचे. कोपरे घासले जाताहेत.

उत्तर: तुमचे पाने नटाचं डोकं मोजणारे आहेत. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१मध्ये आट्यांचं जे माप बांधून दिलं, त्यातल्या पान्यांवर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहिलेली असते, डोक्याची नाही. म्हणून पाव इंच लिहिलेला पाना दिसायला अर्ध्या इंचाहून मोठा. एक जुना पाने-संच मिळवा, दुसरा उपाय नाही.

पण सावध! मॉरिसच्या जुन्या इंजिनांत एक अजब खिचडी आहे: डोकं व्हिटवर्थचं, आटे मेट्रिक. इंजिनाचा कारखाना आधी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, यंत्रं त्यांची राहिली. तेव्हा बोल्ट हरवला तर डोकं बघून नवा आणू नका, आट्यांच्या गेजनं मोजा. जुळत नसलेला बोल्ट दोन फेरे हातानं जातो, मग जड लागतो, आणि माणूस पाना लावतो. तिथेच आटे जातात.

प्रश्न: नव्या गाडीसाठी घेतलेलं ०डब्ल्यू-२० सिंथेटिक ऑइल उरलं आहे. जुन्या गाडीत टाकू?

उत्तर: नको. २०डब्ल्यू-५० मिनरल टाका, जुन्या गाड्यांसाठी म्हणून विकतात ते. त्यात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं आणि तुमच्या कॅमशाफ्टवर घासत चालणाऱ्या चपट्या फॉलोअरना त्याची गरज असते. नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर फॉस्फरसनं खराब होतो, म्हणून त्यांच्या ऑइलमधून ते कमी केलं आहे. आणि वापरलेलं ऑइल काढताना हातमोजे घाला, ते कातडीला चांगलं नाही.

प्रश्न: चेंबरचं गॅस्केट गाडी जॅकवर उचलून खालून बदललं. फोटो पाठवत आहे. ठीक बसलंय का?

उत्तर: गॅस्केट ठीक दिसतंय. फोटोत तुमचे पायही दिसताहेत, गाडीखालून बाहेर आलेले, आणि शेजारी एकटा हायड्रॉलिक जॅक. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्याचं एक सील गेलं की संपलं. गाडीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडे लावलेला फोटो येईपर्यंत तुमच्या पुढच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

प्रश्न: मागच्या अंकात तुम्ही टॅपेटची फट १२ थाऊ लिहिलीत. माझ्या १९७३च्या बीटलला तशी लावली, आता इंजिन शिवणयंत्रासारखं वाजतंय. असंच असतं का?

उत्तर: नसतं, आणि चूक माझी आहे. ते बारा मायनर-मिनीच्या इंजिनाचे होते. मी गाडीचं नाव उत्तराच्या सुरुवातीला एकदाच लिहिलं आणि पुढे विसरले. तुमच्या बीटलला सहा थाऊ, म्हणजे ०.१५ मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला.

नुकसान झालेलं नाही. व्हॉल्व्ह उशिरा उघडून लवकर मिटत होते, गोंगाट आणि थोडी ताकद एवढंच गेलं. उलटी चूक झाली असती तर मी आज तोंड लपवलं असतं.

पुन्हा लावताना नवाचा हिशोब इथे विसरा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कडेवरच्या खाचेसमोर आणि पुलीची खूण केसच्या सांध्यासमोर आणा, म्हणजे एक नंबर वर आला. त्याचे दोन्ही लावा. मग पुली घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा फेरा, दोन नंबर. पुन्हा अर्धा, तीन. पुन्हा अर्धा, चार. फीलर ओढताना कागद वहीतून निसटावा एवढाच अडथळा जाणवायला हवा. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, तेव्हा आवळल्यावर परत बघा.

झाकणं दोन्ही बाजूंना खाली असतात, काढताच ऑइल ओघळतं, ट्रे आधी सरकवा. आणि हे सगळं सकाळी, गाडी चालू करायच्या आधी. हात लावून गार वाटलं म्हणजे गार नव्हे, रात्रभर उभी राहिलेली हवी.